पेडणेकरबाईंचा मुद्दा

मागच्या आढावा बैठकीत मी माझ्या वरिष्ठ पेडणेकरबाईंचं नाव ‘जबाबदार व्यक्ती’ऐवजी ‘प्रलंबित मुद्दे’ या रकान्यात लिहिलं, आणि तेव्हापासून, म्हणजे तीन महिने, त्या बैठकीच्या खोलीतच आहेत. चूक माझी होती. इतिवृत्त त्याच संध्याकाळी आमच्याकडे आणि ग्राहकाकडे गेलं. इतिवृत्तात चढलेला मुद्दा पुढच्या बैठकीत ग्राहकाच्या सहीनेच निघतो, मध्ये काही करता येत नाही.

आमची कंपनी कारखान्यांची कॅन्टीन चालवते. पंप बनवणारा एक कारखाना आमचा सगळ्यात मोठा ग्राहक आहे आणि त्यांचे सगळे प्रलंबित मुद्दे याच खोलीत असतात. पातळ वरणाचा मुद्दा खिडकीखाली पसरलेला होता. त्यात पाय पडू नये म्हणून बाई खुर्ची कडेला ओढून बसायच्या. पोह्यात शेंगदाणे कमी असल्याचा मुद्दा कपाटामागे राहायचा आणि फारसा त्रास द्यायचा नाही. खोली मुद्द्यांच्या मापाची असते. एक मुद्दा मिटला की भिंत तेवढी आत येते. नव्या माणसाला हे आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो.

दार उघडंच असायचं. बाई दारापर्यंत यायच्या, पण पाऊल बाहेर पडायचं नाही. दोनदा प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला.

त्यांची मुलगी केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि माहेरी आई नव्हती. वडिलांनी मोबाइलवर बघून डिंकाचे लाडू वळले. ते इतके कडक झाले की बाईंनी मला त्यातला एक मागवून आणायला लावला, टेबलावर आपटून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला. केतकीचे दिवस भरले होते. या बैठकीत सही झाली नाही, तर पुढची बैठक तीन महिन्यांनी होती. मला बाईंच्या नजरेला नजर देववत नव्हती.

बैठकीची तयारी मी बारा दिवस करत होतो, आणि ती माझ्याकडून करून घेत होत्या बाईच. हे काम मला शिकवलं त्यांनीच.

“विषयपत्रिका पाच दिवस आधी पाठव,” त्या म्हणाल्या. “एका पानात बसव.”

“तुमचा मुद्दा पहिला घेऊ का?”

“पहिल्याला माणूस भांडायला ताजा असतो. चौथा घे. तिसऱ्यानंतर चहा आण. हातात कप असला की माणसं सही करतात.”

“आणि नाही केली तर?”

“समर्थन करत बसू नकोस, हेरंब. विचारायचं, ऐकायचं, लिहायचं.”

सकाळी अकराला कारखान्याचे प्रशासन अधिकारी तांबटकर साहेब आले. सरळ माणूस, पण चाखल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि वरणाची वाटी पुढे ओढली. दोन चमचे घेतले, सही केली. खिडकीखालचं वरण सुकलं आणि भिंत आत आली. मग पोहे झाले. मग चमच्यांना साबणाचा वास येतो हा मुद्दा झाला. तिसऱ्या सहीला कपाट माझ्या पाठीला टेकलं. मी चहा दिला.

“मुद्दा चौथा,” मी म्हणालो. “पेडणेकरबाई.”

“यांच्याबद्दल तक्रार काय आहे?”

“तक्रार काही नाही, साहेब.”

“तक्रार नाही, तर निवारण कशाचं झालं?” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “आणि झालं असेल तर मला दाखवा. या बाहेर गेलेल्या दिसल्या की मी सही करतो.”

“सही झाल्याशिवाय त्यांना बाहेर जाता येत नाही.”

“बघितल्याशिवाय मी सही करत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

ते रागावले नव्हते. त्यांनी चहाचा घोट घेतला. बाईंचा फोन वाजला. पलीकडे त्यांचे यजमान होते. केतकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला शिवणेकर प्रसूतिगृहात आणलं होतं.

“किती मिनिटांनी येतायत?” बाईंनी विचारलं. उत्तर ऐकलं आणि फोन पदराने पुसून ठेवून दिला. मला रडू येत होतं, आणि बैठकीत रडायचं नसतं हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

इतिवृत्ताच्या माथ्यावर ‘स्थळ’ असं लिहिलेलं असतं. ती जागा मी नेहमी शेवटी भरतो. मी तिथे लिहिलं, ‘शिवणेकर प्रसूतिगृह, पहिला मजला’.

दाराबाहेर ट्रे घेतलेली नर्स गेली. फिनेलचा वास आला.

“स्थळ बदललं?” तांबटकर साहेबांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“नोंद झाली ना? मग हरकत नाही. पण बैठक संपली की खोली आपल्या जागी परत जाते, आतल्या माणसांसकट. ते लक्षात ठेवा.”

बाई दारात उभ्या राहिल्या. समोर प्रसूतीची खोली होती, सात-आठ पावलांवर. आतून केतकीची हाक आली. बाईंनी तिथूनच सांगितलं, “श्वास सोड, बाळा. तोंडाने सोड. मी इथेच आहे.” पहिलटकरणीची एवढ्या लवकर सुटका होत नाही, पण बैठकीत वेळ वेगळा जातो. साहेबांचा कप रिकामा व्हायच्या आत नर्स बाहेर आली.

“आजी कोण?”

बाईंनी हात पुढे केले. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्याकडे दिलं. मुलगी होती.

“बाळंतिणीला अर्ध्या तासात बाहेर आणू,” नर्स म्हणाली. “सारखी आईला विचारतेय.”

बाई बाळाला घेऊन खुर्चीत बसल्या. खोलीत आता तीन खुर्च्या होत्या आणि आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. साहेबांनी बाळाकडे पाहिलं, अभिनंदन केलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“बाईंचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ,” ते म्हणाले. “बाकी काही उरलेलं नाही. बैठक वेळेत संपवणारे तुम्ही पहिलेच.”

ते उठायला लागले. केतकीला अजून बाहेर आणलं नव्हतं. भिंत बाईंच्या खांद्याला टेकली. त्यांनी बाळाचं डोकं हाताने झाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“साहेब,” मी म्हणालो, “आमच्या भाताबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“भाताला काय झालं?”

“कच्चा असतो. गेले दोन महिने, दर मंगळवारी. आणि चपात्यांचंही सांगायचं आहे.”

ते पुन्हा बसले आणि त्यांनी टोपण काढलं. त्यांच्यामागची भिंत चार बोटं मागे सरकली, आणि बाईंना बाळ दुसऱ्या हातावर घेता आलं.