दहा जणींची यादी

तुरुंग असो की मुलींचं सुधारगृह, न सांगता तपासणीला गेलं की फाटकावर एक गोष्ट हमखास हरवलेली असते: किल्ली. त्या दिवशी ती दुपारी पावणेदोनला हरवली.

"साहेबांकडे आहे, मॅडम. साहेब जेवायला गेलेत," फाटकावरचा शिपाई म्हणाला.

आमचा आयोग सरकारच्या हाताखालचा नाही. कुठल्याही कोठडीत, कधीही शिरायचा आम्हाला हक्क आहे. तो हक्क कागदावर होता आणि आम्ही बाकावर.

"शांत हो," माझ्याबरोबरचे डॉक्टर म्हणाले. वीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय. "तुझा पारा चढावा म्हणूनच बसवलंय आपल्याला."

मला शांत बसवत नव्हतं. आठवड्यापूर्वी एक बाई आमच्याकडे आली होती, शिंप्याकडे काजं-बटणं करणारी. तिची सोळा वर्षांची मुलगी इथे आत होती, सतरा नंबरची. आई भेटायला गेली तेव्हा ऐन उन्हाळ्यात मुलगी समोर आली ती बाह्या मनगटापर्यंत ओढून.

"बाही मीच वर केली, ताई," आई म्हणाली. "बोटांचे वळ होते. उलट बोललं की मागच्या खोलीत कोंडतात म्हणे. पण आम्ही सांगितलं हे कळू देऊ नका. शब्द द्या मला." मी दिला.

असा शब्द पाळायची आमची एक रीत आहे, डॉक्टरांनीच घालून दिलेली. एकीशी बोलायचं असलं तरी दहा जणींना बोलवायचं, एकेकीला, सारखाच वेळ. जिच्यासाठी आलो ती सहावी-सातवी, मध्येच कुठेतरी. मग तोंड कुणी उघडलं ते कुणाला कळत नाही.

पावणेचारला अधीक्षक उगवले. चहा घ्या, पंखा लावू का, सगळं झालं. मागची खोली दाखवली तेव्हा भिंतींचा रंग अजून ओला होता आणि आत चार झाडू उभे होते.

"अडगळीची खोली," ते म्हणाले.

दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. "झाडू पळून जातात का हो तुमचे?" मी विचारलं. डॉक्टर हसले. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं.

"पाचला मोजणी, मग मुली खोल्यांत बंद. आता फार तर एकीशी बोलता येईल. कुणाला बोलावू?"

"आम्ही दहा जणींशी बोलणार," डॉक्टर म्हणाले. "मोजणीनंतर थांबू."

"मोजणीनंतर परवानगी नाही. वरून लेखी आणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन तास वाया घालवून हात हलवत परत जायचं? डॉक्टरांनी माझ्या कोपराला हात लावला. मी तो झटकला.

"सतरा नंबर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

त्या दिवसात अधीक्षकांनी झटपट केलेलं पहिलं काम म्हणजे तो आकडा लिहून घेणं. मेट्रनने तो लांबलचक व्हरांड्यात दोनदा ओरडून सांगितला.

मुलगी आली, उभीच राहिली. बाह्या मनगटापर्यंत.

"बस. दार लावलंय, बाहेर आमचे डॉक्टर आहेत. कुणी ऐकत नाही."

"इथे सगळं चांगलं आहे," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. "जेवण वेळेवर मिळतं. कुणी त्रास देत नाही." मग थांबून तिने विचारलं, "माझ्याआधी कुणाला बोलावलं होतं?"

"कुणालाच नाही."

"आणि माझ्यानंतर?"

तीन तास मी त्यांच्यावर चिडले होते, आणि त्यांना हवं होतं ते मीच हातात नेऊन दिलं होतं.

"मग आज तुम्ही इथेच राहणार ना?" तिने विचारलं.

"राहणार," मी म्हणाले. दुसरा शब्द.

मोजणीची घंटा झाली. मेट्रन तिला दंडाला धरून घेऊन गेली. मी अधीक्षकांना सांगितलं, मी इथून हलणार नाही. त्यांनी न रागावता फोन माझ्यापुढे सरकवला. आमचेच अध्यक्ष पलीकडून म्हणाले, "वाद नको. उद्या सकाळी रीतसर जा."

"उद्या काय उपयोग?" मी ओरडले. त्यांनी फोन ठेवला होता.

आम्ही अंगण ओलांडलं तेव्हा फाटक सताड उघडं होतं. शिपाई किल्ली हातात घेऊन आमची वाट बघत उभा होता. मागे कुठेतरी एकामागून एक दोन कड्या लागल्या. डॉक्टरांनीही ऐकल्या.