पारावरचं अहवालवाचन

आमच्या आरोग्य संस्थेत यंदा नवीच टूम निघाली. अहवाल मोठ्या साहेबांकडे जाण्याआधी गावासमोर वाचायचा, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनीच खरं-खोटं सांगायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या बावीस बायकांच्या घरी जाऊन तब्येतीची चौकशी केली, असं मी लिहिलं होतं. गेले होते अठराजणींकडे. उरलेल्या चौघी लांब रानात राहायच्या आणि महिना संपत आला होता. त्यांच्या ओळी मी घरी बसूनच लिहिल्या.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या पारावर संस्थेचे सोमेश्वर सर वाचू लागले. एकेक नाव येई, ती बाई 'व्हय' म्हणे. खोटं निघालं तर नोकरी जाईल, असं सरांनी आधीच बजावलं होतं. घरात कमावती मी एकटी.

"ताराबाई. गृहभेट झाली. तब्येत चांगली."

तपासणी शिबिरात ताराबाईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, फक्त सहा निघालं होतं; बारा तरी हवं. हिला लगेच दवाखान्यात न्या, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आणि तिच्याकडेच मी गेले नव्हते.

ताराबाई उठली. "आलती की संगीता. लई बरी हाय मी."

सुटले बाई, असं वाटलं. मग लाज वाटली. ही माझ्यासाठी खोटं बोलतेय आणि अशा अंगाने उद्या उसाच्या मोळ्या वाहणार. मी उभी राहिले.

"सर, मी गेलेच नव्हते. तिचं रक्त सहा आहे. दवाखान्यात न्यायला पाहिजे तिला."

सरांनी टाळ्या वाजवल्या. "चूक कबूल करणं, हेच खरं शिकणं," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. माझी नोकरी वाचली.

पाराच्या कडेला बंकट मुकादम बसला होता. ऊसतोडीच्या टोळ्या तोच बांधतो. तो ताराबाईच्या नवऱ्याला म्हणाला, "बिभीषण, आजारी बाई मला उसाच्या फडात नको. तुमचं दुसरीकडं बघा." आणि उठून गेला.

ताराबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती कशासाठी खोटं बोलली होती, ते मला तेव्हा कळलं.

ती माझ्याजवळ आली.

"संगे, खोटं तू लिवलंस. आन् घरी मी बसायचं व्हय?"