दोन आटे

आत्माराम घाणेकराला गवत कापायच्या यंत्राबरोबर एक पुस्तक मिळालं होतं. क्लचच्या स्प्रिंगा किती आवळायच्या, हे त्यात मापासकट छापलेलं होतं म्हणे. पण पुस्तक पहिल्याच पावसाळ्यात बंबात गेलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत आत्मारामाने उजवा अंगठा पुढे केला होता. स्प्रिंगेला अंगठा आडवा लावायचा आणि ती अंगठ्याएवढी दबली की पाना थांबवायचा. नऊ वर्षं आंब्याच्या कलमांतलं गवत त्या मापावर कापलं गेलं, आणि हा बाबा गावभर अंगठ्याचा तोरा मिरवत फिरला.

जूनमध्ये त्या अंगठ्यासकट त्याची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

त्याची बायको दर्शना त्या दिवसापासून एकदाही रडली नव्हती. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, आतून बधिर झाली होती. अंघोळ घालणं, पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं हात आपोआप करत होते. भांडी घासावीत तसं ती नवऱ्याचं करत होती, आणि त्याचं तिला वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

दिवाळी झाली. बागेत गवत कमरेएवढं वाढून वाळायला लागलं. एक ठिणगी पडली असती तर दोनशे कलमं गेली असती, आणि घाणेकरांच्या पोटाला कलमांशिवाय दुसरं काही नव्हतं. ट्रॅक्टरवाल्या शिवाने यंत्र जोडून घरापुढच्या खळ्यात आणलं, तर क्लचच्या चकत्या पावसात गंजून एकमेकींना घट्ट चिकटलेल्या.

"वयनी, तसाच चालवतंय," शिवा म्हणाला. "काय नाय व्हत."

"आनि गवतात दगड लागला मगे?" दर्शनाने विचारलं.

पातं जांभ्या दगडावर आपटलं की क्लचने घसरायचं असतं. तो घसरला नाही तर गिअरबॉक्स फुटतो, आणि ऐन हंगामात तो फुटला तर गवत तसंच उभं राहणार होतं.

नऊ वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देऊन दर्शनाला सगळा क्रम पाठ होता. तिने सहाही नट काढले, चकत्या सोडवल्या, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवल्या. मग ती शिवाला म्हणाली, "यांना भाईर आनूया."

दोघांनी आत्मारामाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट खळ्यात आणलं. दर्शनाने त्याचा उजवा हात उचलला. हात थंड आणि जड होता. स्प्रिंगेला अंगठा लावला, नट आवळला, मग पुढची स्प्रिंग. आत्माराम बघत होता. नजरेत थोडा जुना तोरा आला होता.

सहा नट झाले. रॉकेलच्या चिंधीने बोल्ट पुसताना दर्शना थांबली. नटाच्या बाहेर दोन आटे स्वच्छ चमकत होते, आणि त्यांच्या पुढे गंज. सहाही बोल्टांवर तेच. म्हणजे नट सगळा पावसाळा त्या आट्यांवर बसलेला होता. आज तो दोन आटे जास्त आत गेला होता. एवढा आवळलेला क्लच दगडावर घसरला नसता.

आपलंच चुकलं असेल म्हणून तिने अंगठा पुन्हा लावून पाहिला. माप बरोबर होतं. बोल्ट तेच, स्प्रिंगा त्याच, आणि आजपर्यंत आत्मारामाशिवाय त्या नटांना कोणाचा हात लागलेला नव्हता.

मग तिला कळलं. हा हात ती रोज धूत होती, बोट न् बोट पुसत होती. पाच महिने तो झिजत होता आणि तिला दिसला नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"करू चालू?" शिवाने विचारलं.

"थांब. दोन आटे सैल करायचे हायत."

"अंगठा लावलात ना?"

"अंगठा बारीक झालाय त्यांचा," दर्शना म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

आत्मारामाने बोल्टकडे पाहिलं. मग हळूहळू डावा हात सरकवत आणला आणि उजवा अंगठा मुठीत झाकून घेतला.

दर्शनाने त्या मुठीवर क्षणभर हात ठेवला आणि पाना उचलला. सहा नट, प्रत्येकी दोन आटे. तिसऱ्या नटापासून तिला आटे दिसेनात, म्हणून ती ते बोटाने चाचपून मोजत राहिली.