धुतलेली भिंत

डॉक्टरांनी सासूबाईंच्या गोळ्यांबरोबर रविवारच्या रानमंडळाचा पत्ताही दिला, तेव्हा बेकरीत काउंटर सांभाळणाऱ्या सुनेला हसावं की रडावं कळेना. मुलगा गेल्यापासून सासूबाई खिडकीपाशी बसून होत्या. ना काम, ना बोलणं. जिने उभा जन्म हॉस्पिटलचे वॉर्ड धुतले, जिला सगळी गल्ली ‘फिनेलआजी’ म्हणायची, तिच्या कपावर माशा बसायच्या आणि ती हातही हलवायची नाही.

तरी सून त्यांना नेऊ लागली. वस्तीबाहेरचं जुनं रान, त्याच्या कडेने कोण जाणे कुणी रचलेली बुटकी दगडी भिंत. मंडळी तण उपटायची, ढासळलेले दगड पुन्हा बसवायची. झोप उडालेले, नोकरी गेलेले, घरी करमत नसलेले, सगळे तिथे. म्होरके होते सुतारकाका. काम चोख, जिभेला मात्र करवतीचे दात. खरं सांगायचं तर गुण येत होता तो सुनेलाच. रविवारी तिला झोप लागायची. सासूबाई जिथे बसवल्या तिथेच, पोतं ठेवल्यासारख्या.

सुनेचा भाऊ म्हणाला, “अगं, नवराच राहिला नाही तर सासू कसली? वृद्धाश्रमात ठेव आणि मोकळी हो.” तिने त्याला चांगलं झापलं, पण शब्द मनात घर करून बसले. माणसाने भिंतीशी बोलायचं तरी किती? शेवटी तिने ठरवलं, हा रविवार शेवटचा. उद्या आश्रमात फोन करायचा.

त्या दिवशी ती दगड आणायला ओढ्याकडे गेली. परत येते तो काय, आरडाओरडा! अवजारं धुवायची बादली, साबणाची पावडर आणि तारेचा ब्रश घेऊन सासूबाईंनी भिंतीचा चांगला मोठा तुकडा घासून लख्ख केला होता. शेवाळाचा मागमूस नाही.

“आजी, अहो काय केलंत हे!” सुतारकाकांचा आवाज चिरकला. “माझ्या आजोबांच्या आधीचं शेवाळ होतं! भिंतीची सगळी शोभा त्यातच!”

सासूबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. “शोभा? कुणी घसरून पडलं तर निस्तरणार तुम्ही? घाण ती घाण, आजोबांची असो नाहीतर पणजोबांची! एवढे धट्टेकट्टे रविवार-रविवार येता, एकालाही घासायचं सुचलं नाही!”

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. काका आधी लाल झाले, मग हरल्यासारखे म्हणाले, “आता शेवाळ पुन्हा धरेपर्यंत दर रविवारी पाणी मारायचं. तुम्हीच.”

“मारीन! मला काय धाड भरलीय?”

सुनेच्या हातातला दगड गळून पडला. ती तिथेच ओल्या मातीत बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. आपण उद्या काय करणार होतो, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली. सासूबाई आल्या, साबणाचा हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला.

“रड गं. उशीत तोंड खुपसून एकटीच रडायचीस, भिंतीपलीकडून ऐकू यायचं मला. उठून तुझ्याजवळ यावं असं रोज वाटायचं. पायच उचलत नव्हते.”