बटन वैनीच्या घरात

कुलदीपच्या टीव्हीखाली लांबडा स्पीकर दिवाळीतच आला होता. तेव्हा संगिता काही बोलली नाही. धाकटा दीर आहे, कमावतो, घेईल. पण मागच्या आठवड्यात तो हिंगोलीहून आणखी एक खोकं घेऊन आला आणि त्यातून मागच्या भिंतीला लावायचे दोन स्पीकर निघाले, तेव्हा मात्र तिला राहवेना. म्हणजे आता जाऊबाईच्या, निलमच्या घरात आवाज पुढूनही येणार आणि मागूनही. संगिताच्या घरात तो अजून एकाच बाजूने येत होता, आणि तोही नवऱ्याच्या घोरण्याचा.

"वायरलेस हायेत, वैनी," कुलदीपने कौतुकाने सांगितलं. "वायरचं कामच न्हाई."

थोड्या वेळाने तोच दारात उभा. हातात वायरचं भेंडोळं.

"वैनी, जरा तकलीफ देतो. आवाजाला वायर न्हाई लागत, पण त्यायच्या डबीला लाइट तर लागतीच. अन् आमच्या मागच्या भिंतीला बोर्ड न्हाई."

बोर्ड असणार कसा? ती भिंतच मुळात नव्हती. भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या तेव्हा एका लांब खोलीच्या मधोमध ती उभी राहिली. बोर्ड संगिताच्या स्वयंपाकघरात आला, निलमच्या वाट्याला कोरी बाजू गेली. मिस्त्रीने फळ्या बांधायला सोडलेलं एक भोक तेवढं दोघींचं सामाईक. संगिताने त्यात कोंबलेली चिंधी काढून कुलदीपने वायर ओवली आणि पिन तिच्या बोर्डात बसवली.

"मिक्सरच्या बाजूचं बटन हाये. बंद नका करू फक्त."

"मी कशाला करू बंद?" संगिता म्हणाली. तेव्हा ते खरंही होतं.

तिची सासू, रुख्मिणीबाई, जेवायला-निजायला तिच्याकडेच असे. दिवे लागले की उंबऱ्यात बसायचं, मेथी निवडायची आणि थोरल्या सुनेच्या भाकरीत खोड काढायची. जाड झाली. कड फाटली. पीठ मळलं न्हाई बराबर. संगिताला त्याचा इतका वैताग यायचा की कधीकधी ती मुद्दाम परात वाजवायची. पण स्पीकर लागले त्या संध्याकाळी पलीकडून निलमची हाक आली, "मम्मी, या ना! बघा तरी!"

मम्मी! संगिता लग्न झाल्यापासून सासूला आत्याबाई म्हणत आली होती. आत्याबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी न बोलावता गेल्या. मग तर निलमने त्यांना टेकायला मागच्या भिंतीशी लोड ठेवला, फुलाफुलांचा नवा अभ्रा घालून.

आता संगिताच्या भाकरीत कोणी खोड काढत नव्हतं. जाड होवो, करपो, सगळं चालत होतं. घास मात्र गोड लागत नव्हता.

भोकातून पलीकडचा पिच्चर तिच्याकडे यायचा, पण अर्धाच. माणसं पुढच्या स्पीकरमधून बोलायची, ते तिथंच राहायचं. मागच्यांतून नुसता पाऊस, पाखरं, गेलेल्या गाड्या, टाळ्या. पाऊस कोणावर पडतोय तेसुद्धा तिला कळत नसे. लाइट इकडची, बटन इकडचं, अन् सासू तिकडे!

गुरुवारी ती तिसरी भाकर थापत होती. पलीकडे निलम हसली. पाठोपाठ आत्याबाई हसल्या, चांगल्या खळखळून. इथं उंबऱ्यात बसून कधी हसल्या होत्या त्या असं? संगिताचा हात थांबला. ती उठली आणि पिठाच्या बोटानेच तिने बटन वर केलं.

पाऊस बंद.

आता ओरडतील म्हणून ती भिंतीशी उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. पिच्चर चालूच होता. निलम पुन्हा हसली. एवढं खोकं हिंगोलीहून आणलं, आणि मागचे गप्प झाले तर कोणाला पत्ता नाही! निलमवर राग होताच, पण त्या दोन स्पीकरांची संगिताला कीव आली.

तेवढ्यात दारात आत्याबाई.

"भाजलं का गं?"

"काय?"

"हात. दोन भाकरी झाल्या, तिसरी निम्मी थापली अन् तू थांबली. म्हटलं, पोरीनं हात भाजून घेतला."

"तुमी पिच्चर पाहून राहिल्या का माझ्या भाकरी मोजून राहिल्या?"

"त्या पिच्चरमधलं मला काय कळतंय? भिताडाला टेकलं की तुझं थापणं येतं ऐकू. काल चौथी जाड झालती. व्हय का न्हाई?"

झाली होती.

"मग तिकडं जाता काहून?"

"लोड हाय तिथं. कंबर धरती माझी. तुझ्या उंबऱ्याला काय टेकू?"

इतक्यात निलम आली. "ताई, आमचे मागचे स्पीकर बंद पडले. हे म्हणतेत, मालच खराब निघाला, उद्या दुकानात वापस देतो."

बटन संगिताच्या पाठीमागे होतं. त्यावर पिठाचं बोट उमटलेलं. नुसतं गप्प राहायचं होतं. खोकं हिंगोलीला परत गेलं असतं. पण लोड तर तिथंच राहिला असता!

रुख्मिणीबाईंनी बटनाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "तवा जळून राहिला," एवढंच म्हणाल्या.

"वापस कशाला देता?" संगिता म्हणाली. "बटन बंद झालंय माझ्या हातानं." तिने ते दाबलं. भिंतीत पाऊस सुरू झाला. "पण निलम, लाइट माझी जळती. तो लोड मला पाहिजे."

"अन् मम्मी कशाला टेकतील?"

"आत्याबाई इकडंच टेकतील."

"अय, मी काय मेथीची जुडी हाय का वाटून घ्यायला?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "उद्यापून लोड माझ्या काखंत. भाकरी होईस्तोवर इकडं, मग तिकडं. आज मात्र पिच्चर निम्मा राहिलाय."

आणि त्या निलमच्या मागे गेल्यासुद्धा. 'भाकरी होईस्तोवर इकडं.' संगिताने मनातल्या मनात उद्याच्या पिठात दोन मुठी वाढवल्या.

मग परातीत नवा गोळा घेतला आणि थापायला लागली, गरजेपेक्षा जरा जोरातच. भोकातून पाऊस येत होता, वीज कडाडत होती. त्या सगळ्याच्या वरून आवाज आला,

"पातळ थाप गं, पातळ!"

"काय झालं, मम्मी?" पलीकडे निलम विचारत होती.