जोडसायकलीच्या दोन सवती

दोन सीटा, दोन हँडले, चार पायडले. चाके मात्र दोनच. मित्रांनो, मी आहे एक म्हातारी जोडसायकल. पुढे बसेल त्याने वाट धरायची आणि मागे बसेल त्याने भरवसा ठेवायचा, असा माझा कायदा. इटलीतल्या पो नदीच्या बांधाखाली, पॉप्लरच्या उंच झाडांच्या रांगांमागे एक बुटके घर आहे. त्या घराच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. स्वभावाने मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझे बोलणे कडू लागले तर तुम्ही दचकणार नाही.

मला सायकली बनवणाऱ्या एर्मेसने घडवले. शेतांतले पाणी उपसणाऱ्या पंपघरात माझा मालक नेरिओ कामाला होता आणि एर्मेस त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लग्न ठरले तेव्हा नेरिओ त्याला म्हणाला, "अशी सायकल कर, की माझी दिर्चे कधी मागं पडणार नाही."

"मागं पडायची नाही, तर मग मागची सीट कशाला करू?" एर्मेस म्हणाला. पण त्याने मन लावून काम केले. एकेक नळी जोडली, सांधे कानशीने घासून गुळगुळीत केले, आणि मला पिकलेल्या चेरीचा रंग दिला. आमच्याकडे बांधावरून नदीच्या कडेकडेने पांढऱ्या खडीच्या वाटा जातात. डांबर नाही, मोटारी नाहीत, आणि चढ म्हणाल तर बांधावर चढायचा तेवढाच. म्हणून त्याने मला रुंद टायर घातले. तेव्हा लोक हसले होते. "हा ट्रॅक्टर कोणाचा?" असे विचारायचे. आज तसल्याच टायरांच्या सायकली घेऊन शहरातले लोक मिरवतात!

काय दिवस होते ते! रविवारी सकाळी दोघे निघायची. टायरांखाली खडी करकरायची. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मक्याची शेते, आणि मध्ये आम्ही तिघे. कोळ्यांच्या झोपडीशी थांबून तळलेली ईल मासळी खायची, बोटे माझ्याच हँडलाला पुसायची आणि परतायचे. गावात कोणाचे लग्न लागले, की फोटोसाठी मला मागून न्यायचे. नेरिओ कोणाला हात लावू द्यायचा नाही. स्वतः पुसून, स्वतः पोचवायचा. मला वाटायचे, या घरात माझ्यावाचून पान हलत नाही.

आणि एके दिवशी दिर्चे म्हणाली, "मला माझं हँडल पाहिजे."

"म्हणजे?" नेरिओने विचारले.

"म्हणजे काय म्हणजे? लग्नापासून तुझी पाठ बघतेय. तुझ्या शर्टाची शिवण मला तोंडपाठ आहे. नदी कशी दिसते, ते मात्र तुझ्या काखेखालून वाकून बघावं लागतं."

नेरिओ हसला. मला वाटले, आता तो तिला गप्प करील. पण त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "मग घेऊ या की."

झाले. घरात दोन सवती आल्या. एक शेवाळी हिरवी, ती दिर्चेची. एक वाळूच्या रंगाची, ती नेरिओची. वजनाला पिसासारख्या, आणि टायर? माझ्यासारखेच रुंद! त्यांचे कौतुक करायला एर्मेससुद्धा आला. मेला एका बोटाने त्या हिरवीला उचलून बघत होता. मला उचलायला दोन माणसे लागतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

मला भिंतीला टांगले. तेही सोसले असते. पण दिर्चेला नवी सीट बोचायला लागली, तेव्हा नेरिओ पाना घेऊन आला आणि त्याने माझी मागची सीट काढली. इतक्या वर्षांत दिर्चेच्या बसण्याने ती कातडी सीट तिच्यापुरती घडली होती. ती त्याने त्या हिरवीला बसवली. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझेच काळीज काढून सवतीला लावले, आणि वर म्हणतो कसा, "बघ, किती शोभून दिसतंय!"

संध्याकाळी दोघी चिखलाने माखून यायच्या. नेरिओ त्यांना कोमट पाण्याने धुवायचा. मी वरून बघायची. माझ्या चेनवर गंज धरला होता, कोळ्याने माझ्या पुढच्या चाकात संसार मांडला होता. देवा, यांची चाके फुटू देत, असे मी रोज म्हणायची.

शरद ऋतूत माझे म्हणणे कोणीतरी ऐकले असावे. वाळूच्या रंगाची ती टवळी एकदा ओरखडे घेऊन आली. नेरिओ बांधावरच्या फाटकावर आपटला होता.

"एवढं मोठं फाटक! लाल-पांढरं!" दिर्चे म्हणाली.

"ऊन डोळ्यांवर आलं."

पुढच्या आठवड्यात तो मैलाच्या दगडाला घासून आला. मग एकदा थेट पाटाच्या पाण्यात पडला. शेवाळाने माखून निथळत आला तेव्हा दिर्चेचा आवाज बांधावरून ऐकू येत होता. "लक्ष कुठं असतं रे तुझं? बगळे मोजत होतास?"

"ऊन..."

"धुक्यात ऊन? नेरिओ, निदान खोटं तरी नीट बोल!"

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. बरी खोड मोडली त्या वाळूवालीची.

पण दुसऱ्या दिवशी नेरिओ शेडमध्ये एकटाच आला. भिंतीला हात लावत लावत आला. वाळूवाली समोर उभी होती, आणि तो हिरवीच्या हँडलाला हात घालून उभा राहिला. मग चूक कळून त्याने हात काढला. माझ्यापाशी येऊन त्याने एक डोळा झाकला आणि माझ्या चाकाच्या तारांकडे बघितले. मग दुसरा झाकला. "वाकड्या," तो पुटपुटला. "सगळ्या वाकड्याच." मित्रांनो, माझ्या तारा सरळ होत्या. एर्मेसच्या हातच्या तारा वाकत नाहीत. वाकले होते ते त्याच्या डोळ्यांतले काहीतरी.

दिर्चे दारात उभी होती. तिने सगळे पाहिले होते. ती आत आली आणि सफरचंदांच्या पेटीवर बसली.

"डॉक्टरकडे कधी गेलास?"

तो चमकला. मग म्हणाला, "द्राक्षं तोडली त्या सुमारास."

"काय म्हणाले?"

"मधलं जाणार. कडेकडेचं राहील. तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस. रोज सायकल घेऊन बांधावर जात होतास. नदीत पडला असतास तर?"

"सांगितलं असतं तर तू सायकल सोडून माझ्या उशाशी बसली असतीस, दिर्चे. आत्ता कुठं तुला स्वतःचं हँडल मिळालंय."

दिर्चेने एप्रनने तोंड पुसले. बराच वेळ पुसले.

"तू जात राहा," नेरिओ म्हणाला. "रोज जा. माझ्यासाठी जा."

मग ती एकटी जाऊ लागली. वाळूवाली एर्मेसच्या पुतणीला देऊन टाकली, आणि नेरिओ दिवसभर शेडमध्ये माझ्यापाशी बसू लागला. त्याने कोळ्याचे जाळे काढले. हातांनी चाचपून माझ्या चेनला तेल लावले. मला काय वाटले असेल? सवतीवर सूड उगवला, माणूस परत माझा झाला! पण कसचे काय. हात माझ्या नळीवर आणि कान बांधाकडे. हिरवीचे टायर दूरवर खडीवर करकरले, की तो लगेच उठायचा. दिर्चे आत यायची, "थंडी होती" म्हणायची आणि सूप गरम करायला निघून जायची. तो हिरवीजवळ जाऊन तिच्या टायरांतली ओली माती बोटांनी हुंगायचा. आज ती कुठवर गेली असेल, ते त्या मातीवरून ओळखायचा. माणूस जवळ बसलाय आणि मन तिसरीकडेच, यासारखी जळफळ नाही.

एका सकाळी दिर्चे गेली आणि लगेच परत आली. तिने हिरवी भिंतीला टेकवली.

"पंक्चर झाली?" नेरिओने विचारले.

"नाही. तिकडं नदीतल्या बेटावर पांढरे करकोचे उतरलेत, थवाच्या थवा. मी म्हटलं, 'अरे बघ!' आणि मागं वळले. मागं कोणी नाही." ती माझ्यापाशी आली. "एकटीनं बघून करायचं काय? ऊठ. हिला खाली काढायला हात लाव."

दोघांनी मला खाली उतरवले. एर्मेसने येऊन सीटा खालीवर केल्या, मागे नवी बसवली आणि जाताना एवढेच म्हणाला, "ट्रॅक्टर अजून चालतो तर!" अंगणात नेरिओने सवयीने पुढच्या सीटवर टांग टाकली.

"मागं," दिर्चे म्हणाली.

"मी?"

"तूच. इथं दुसरा नेरिओ आहे का?"

तो मागे बसला. निघालो तर हा माणूस वळणावर भलतीकडेच झुकतो. "ब्रेक कुठाय? दिर्चे, ब्रेक!"

"माझ्याकडे."

"हळू की जरा!"

"तोंड बंद आणि पायडल मार!"

कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आम्ही तिघे आडवे झालो. माझे पायडल नेरिओच्या पोटरीत घुसले. दिर्चे गवतात बसून एवढी हसली, की तिला उठवेना. दुसऱ्यांदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा बांध चढलो.

आता आम्ही रोज जातो. दिर्चे पुढे बसून जे दिसेल ते सांगते: होडी, बगळा, कोणाच्या दारातले वाळत घातलेले कपडे. नेरिओ मागून विचारत राहतो. परवा तर एवढे धुके होते, की माझ्या पुढच्या चाकापलीकडे काहीच नव्हते.

"काय दिसतंय?" त्याने विचारले.

"पाणी," ती म्हणाली. "पलीकडच्या काठाला एक होडी. निळी. तिच्यात एक म्हातारा गळ टाकून बसलाय."

"टोपी आहे?"

"आहे. गवताची."

नेरिओ थोडा वेळ पायडल मारत राहिला. मग म्हणाला, "दिर्चे, धुकं आहे. गालाला कळतंय मला."

"मग विचारतोस कशाला?"

"तू बोलावंस म्हणून."

दिर्चेने एक हात मागे नेला आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटले. बांधाच्या अगदी कडेवर एका हाताने मला चालवत होती ती! मी जीव मुठीत धरून सरळ चालत राहिले. एवढ्या साऱ्या गप्पांत माझ्याबद्दल मात्र दोघांपैकी कोणी अवाक्षर काढले नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी करते. घरातले कोणी भिंतीला हात लावत चालताना दिसले, तर त्याला हसू नका, त्याच्याजवळ बसा आणि तुम्हाला काय दिसते ते सांगा. आणि जमले तर आपल्या सायकलीलाही चार शब्द ऐकवत जा. तेल तर आम्हाला लागतेच.