सात नंबरची कांडी

आमच्या त्या खोलीत सगळे मांजराच्या पावलांनी चालायचे. इंजिनाच्या पात्यांसाठी बनवलेल्या निकेलच्या मिश्रधातूच्या कांड्या तिथे लालबुंद भट्टीत, खाली वजन अडकवून, वर्षानुवर्षं टांगलेल्या असायच्या. केसाकेसाने लांबत शेवटी तुटायच्या. कधी तुटतात, ते आलेखावर मांडणं हे माझं काम. तुटली की ठिपका, न तुटता चाचणी थांबली की पुढे दाखवणारा बाण.

सात नंबरची कांडी बाईंची, म्हणजे आमच्या प्रमुखांची. त्यांनी मिश्रधातूत क्रोमियम कमी करून थोडंसं रेनियम, एक जड धातू, घातलं होतं. "रेनियम म्हणजे जाडजूड काका गं," त्या म्हणायच्या. "स्वतः हलत नाही, दुसऱ्यालाही वाट देत नाही. अणू सरकलेच नाहीत तर कांडी लांबेल कशी? पण काका फार बोलावू नयेत, घर फुटतं!" मोठे साहेब हसले. "सहा वर्षं टिकली तर मानेन."

आठ महिने झाले आणि एक दिवस मी कुणाशीतरी भांडून आले आणि दार धाडकन आपटलं. वजनाला हिसका बसला, चाचणी बाद. बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "अगं तोफे, दार हळू लावत जा," एवढंच म्हणाल्या आणि नवी कांडी टांगली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. दर सोमवारी फोन यायचा, "तुटली का गं?" "नाही हो बाई, तुमचे काका बसलेत ठाण मांडून!" काय हसायच्या! ते सोमवार आजही आठवतात.

मग खोली रिकामी करायचा हुकूम आला. नव्या कांडीला पाच वर्षं चार महिने झाले होते. मी साहेबांशी कडाकडा भांडले, पण उपयोग शून्य. भट्टी माझ्याच हातांनी बंद केली आणि बाईंना फोन लावला.

"बाई, आठच महिने कमी पडले. तेच आठ महिने. माझ्यामुळे..." मला रडू फुटलं.

बाई म्हणाल्या, "तुटली का?"

"नाही."

"मग रडतेस काय? आलेखावर बाण काढ. आणि निघताना दार..."

"हळू लावते, बाई."

बाण काढला. आत आता एकही कांडी टांगलेली नव्हती. तरी दार दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू लावलं.